त्रिपिटक, अट्ठकथा, आगम, कांग्यूर: बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

बुद्धाच्या नावावर रोज शेकडो वाक्यं फिरतात. त्यांतली काही मूळ सुत्तांतली (उपदेशांतली) असतात, काही हजार वर्षांनंतरच्या टीकांमधली, म्हणजे स्पष्टीकरण देणाऱ्या ग्रंथांमधली, तर काही कुठलीच नसतात. हे ओळखता यायला विद्वान असण्याची गरज नाही. कुठला ग्रंथ कुठे बसतो आणि संदर्भ कसा उघडायचा, एवढं माहीत असलं की पुरतं. पुढचे प्रश्न त्यासाठी निवडले आहेत.

पालि त्रिपिटक नेमकं केवढं आहे?

१९५४ ते १९५६ मध्ये रंगूनला छट्ठ संगायन, म्हणजे त्रिपिटकाचा पाठ तपासणारी सहावी धम्मसभा, झालं, तेव्हा फक्त मूळ त्रिपिटकाचे ४० खंड छापले गेले. भिक्खू जगदीश काश्यप यांनी नालंदाहून जी देवनागरी आवृत्ती काढली, ती ४१ खंडांची. म्हणजे "त्रिपिटक वाचून काढलं" असं सहज म्हणण्यासारखं ते नाही.

विनयपिटकात भिक्खू-भिक्खुणींचे नियम आणि ते का घातले गेले त्याच्या हकिगती आहेत. पालि पातिमोक्खात, म्हणजे नियमांच्या यादीत, भिक्खूंसाठी २२७ आणि भिक्खुणींसाठी ३११ नियम सांगितले आहेत. सुत्तपिटकात पाच निकाय, म्हणजे सुत्तांचे संग्रह, येतात. दीघनिकायात ३४ लांब सुत्तं, मज्झिमनिकायात १५२ मध्यम लांबीची, संयुत्तनिकायात विषयवार ५६ गट आणि अङ्गुत्तरनिकायात एकापासून अकरापर्यंत आकड्यांनुसार लावलेले ११ निपात. पाचवा खुद्दकनिकाय. धम्मपद, उदान, सुत्तनिपात, थेरगाथा, थेरीगाथा, जातक ही सगळी त्यातली. श्रीलंकेच्या आणि थायलंडच्या गणनेत खुद्दकात १५ ग्रंथ आहेत. म्यानमारात मिलिन्दपञ्ह, नेत्तिप्पकरण आणि पेटकोपदेस धरून १८. अभिधम्मपिटकात सात ग्रंथ आहेत, त्यांतला पट्ठान सर्वांत अवाढव्य.

सुत्तांच्या एकूण संख्येवर वाद घालू नका. अट्ठकथा (त्रिपिटकावरची जुनी पालि टीका) संयुत्ताची ७७६२ आणि अङ्गुत्तराची ९५५७ सुत्तं मोजते, पण छापील आवृत्त्यांत त्याहून फारच कमी आकडे दिसतात. पुनरावृत्तीचे संक्षेप उलगडून मोजायचे की एकत्र धरायचे, यावर हा फरक ठरतो. मजकूर तोच आहे.

मूळ, अट्ठकथा, टीका आणि अनुटीका यांत फरक काय?

मूळ म्हणजे त्रिपिटक, त्यालाच पालि म्हणतात; इथे पालि म्हणजे भाषा नव्हे, मूळ पाठ. ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत, वट्टगामणी अभय राजाच्या काळात लिखित झालं असं परंपरा सांगते. जागा म्हणून मातले गावाजवळच्या अलुविहारेचं नाव घेतलं जातं. त्याआधी सगळं पाठांतरावर होतं. दीघ पाठ करणारे दीघभाणक, मज्झिम पाठ करणारे मज्झिमभाणक, अशा शाखाच होत्या.

अट्ठकथा ही मूळ ग्रंथावरची टीका. जुन्या अट्ठकथा सिंहली भाषेत होत्या: महाअट्ठकथा, महापच्चरी, कुरुन्दी. आज त्या उपलब्ध नाहीत. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष अनुराधपूरच्या महाविहारात गेले आणि त्या सामग्रीवरून त्यांनी पालि अट्ठकथा रचल्या. त्यामुळे बुद्धघोष स्वतःचं मत मांडतात असं धरून वाचलं तर गल्लत होते. ते बहुतेक ठिकाणी महाविहाराचा वारसा संपादित करत असतात, आणि स्वतःचं मत असेल तिथे तसं सांगतात.

टीका म्हणजे अट्ठकथेवरची टीका. बुद्धघोषांच्याच विसुद्धिमग्ग या ग्रंथावरची परमत्थमञ्जूसा धम्मपाल या टीकाकाराच्या नावे आहे. विनयाच्या अट्ठकथेवरची सारत्थदीपनी बाराव्या शतकात, पराक्रमबाहूच्या पोलोन्नरुवात, सारिपुत्त थेरांनी लिहिली. अनुटीका हा त्यापुढचा थर.

कुठल्या ग्रंथाची अट्ठकथा कोणती? नावांवरून काहीच कळत नाही.

नावं खरंच फसवी आहेत, म्हणून एकदा लिहून ठेवलेली बरी. विनयाची समन्तपासादिका, फक्त पातिमोक्खाची कङ्खावितरणी. दीघाची सुमङ्गलविलासिनी, मज्झिमाची पपञ्चसूदनी, संयुत्ताची सारत्थप्पकासिनी, अङ्गुत्तराची मनोरथपूरणी. अभिधम्माच्या पहिल्या ग्रंथाची अट्ठसालिनी, विभङ्गाची सम्मोहविनोदनी, उरलेल्या पाचांची मिळून पञ्चप्पकरण-अट्ठकथा. ही सगळी बुद्धघोषांच्या नावे आहेत.

खुद्दकात मात्र लेखक बदलतात. उदान, इतिवुत्तक, विमानवत्थु, पेतवत्थु, थेरगाथा, थेरीगाथा आणि चरियापिटक यांवरची परमत्थदीपनी धम्मपालाची. बुद्धवंसावरची मधुरत्थविलासिनी बुद्धदत्ताची, निद्देसावरची सद्धम्मप्पज्जोतिका उपसेनाची, पटिसम्भिदामग्गावरची सद्धम्मप्पकासिनी महानामाची. या शेवटच्या ग्रंथाची लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने काढलेली आवृत्ती चिं. वि. जोशी यांनी संपादित केली. मराठी वाचक ज्यांना विनोदी लेखक म्हणून ओळखतात, तेच हे. धम्मपद आणि जातक यांच्या अट्ठकथाही बुद्धघोषांच्याच म्हटल्या जातात, पण शैली इतकी वेगळी आहे की अभ्यासक ते सहसा मान्य करत नाहीत.

अट्ठकथेत मला हवा तो शब्दच समजावलेला नाही. पानं गहाळ आहेत का?

नाहीत. अट्ठकथेची एक ठरलेली शिस्त आहे: आधी आलेला शब्द पुन्हा समजावायचा नाही, नवीन पद असेल तेवढंच घ्यायचं. "एवं मे सुतं"चं सविस्तर विवेचन दीघाच्या पहिल्या सुत्तावर येतं, पुढच्या प्रत्येक सुत्तावर नाही. म्हणून मज्झिमाच्या १२०व्या सुत्तात एखादं पद अडलं आणि पपञ्चसूदनीत तिथे काही मिळालं नाही, तर तेच पद त्याच निकायात आधी कुठे आलंय ते शोधा आणि तिथली अट्ठकथा उघडा. तिथेही नसेल तर दीघाची पाहा.

शील, धुतांगं (ऐच्छिक कडक व्रतं), कम्मट्ठानं (ध्यानाचे विषय), ध्यानं, स्कंध (व्यक्तीचे पाच घटक), आयतनं (इंद्रियं आणि त्यांचे विषय), पटिच्चसमुप्पाद (कार्यकारणाची साखळी) यांपैकी विषय असेल तर थेट विसुद्धिमग्ग उघडा. चारही निकायांच्या अट्ठकथांच्या प्रस्तावनेत बुद्धघोषांनीच सांगून ठेवलंय की हे विषय विसुद्धिमग्गात आले आहेत, ते इथे परत घेणार नाही, आणि विसुद्धिमग्ग चारही आगमांच्या (इथे अर्थ निकायांच्या) मध्ये उभा राहून अर्थ उजळेल. म्हणजे विसुद्धिमग्ग हातात नसताना कुठलीही निकाय-अट्ठकथा अर्धीच वाचली जाते.

आम्हाला शाळेत शिकवलेल्या बुद्धाच्या गोष्टी मूळ त्रिपिटकात आहेत ना?

पुष्कळशा नाहीत. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अंगुलिमालाचं सुत्त मज्झिमनिकायात ८६वं आहे. त्यात तो क्रूर दरोडेखोर आहे आणि गळ्यात बोटांची माळ घालतो. गुरूने हजार बोटं गुरुदक्षिणा म्हणून मागितली, तो मुळात तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी होता, ही सगळी हकिगत अट्ठकथेची. किसा गोतमीच्या थेरीगाथेत तिचं दुःख आहे, मुलाचं मरण आहे, पण मोहरीचे दाणे मागत घरोघर फिरण्याची गोष्ट अट्ठकथेत येते. धम्मपदाच्या पहिल्या गाथेशी जोडलेली चक्खुपाल थेरांची कथाही तशीच. मुळात फक्त ४२३ गाथा आहेत. जातकांत तर मूळ त्रिपिटकाचा भाग म्हणजे निव्वळ गाथा. ५४७ गोष्टींचं गद्य अट्ठकथेचं आहे.

चार दृश्यं पाहून गौतमाने घर सोडलं, ही कथा गौतमाबद्दल जातकाच्या अट्ठकथेतल्या निदानकथेत, म्हणजे प्रास्ताविक बुद्धचरित्रात, येते. दीघाच्या १४व्या सुत्तात ती आहे, पण विपस्सी या गौतमाआधीच्या बुद्धाबद्दल. मज्झिमाच्या २६व्या सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रं घालून मी घराबाहेर पडलो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. धर्मानंद कोसंबींनी बुद्धचरित्र लिहिताना याच फरकावर बोट ठेवलं होतं.

अट्ठकथेतली गोष्ट खोटी असते असं यातून काढू नये. तिचा थर वेगळा आहे एवढंच. तिच्यावर बेतून "बुद्ध म्हणाले" असं लिहू नये.

मग अट्ठकथेवर विश्वास ठेवायचा की नाही?

एक उदाहरण जवळून पाहू. चुन्द लोहाराने बुद्धांना दिलेल्या शेवटच्या जेवणात सूकरमद्दव होतं. ते काय होतं यावर आपल्याकडे हिरिरीने भांडणं होतात. उदानाच्या आठव्या वग्गात (प्रकरणात) हाच प्रसंग आहे आणि तिथे धम्मपालाची अट्ठकथा चार मतं नोंदवते. महाअट्ठकथेप्रमाणे ते डुकराचं मऊ, स्निग्ध मांस. काहींच्या मते मांस नव्हे, तर डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब. दुसरे म्हणतात, डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी. आणखी काहींच्या मते ते एक रसायन होतं.

टीकाकाराने जुन्या मताचं नाव घेऊन ते आधी ठेवलं आणि बाकीची मतंही गाळली नाहीत. अट्ठकथेचं मोल इथे आहे. शब्दांचे अर्थ, जुन्या संस्था, नाणी, शेती, औषधं, भिक्खूंचं दैनंदिन जीवन यांबाबत तिच्यासारखं दुसरं साधन नाही. शब्दार्थासाठी अट्ठकथेवर भर द्यावा, चरित्राच्या तपशिलासाठी मूळ सुत्तावर, आणि जिथे अट्ठकथा "केचि" (काहीजण) किंवा "अपरे" (दुसरे) असं म्हणते तिथे थांबून सगळी मतं वाचावीत, असा आमचा सल्ला आहे.

त्रिपिटकाच्या आतच जुनी टीका आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि यात महाराष्ट्राचाही धागा आहे. खुद्दकनिकायातला निद्देस हा ग्रंथ म्हणजे सुत्तनिपाताच्या काही भागांवरची टीकाच आहे. महानिद्देस अट्ठकवग्गावर, तर चूळनिद्देस पारायनवग्ग आणि खग्गविसाणसुत्तावर.

पारायनवग्गाच्या सुरुवातीला वत्थुगाथा आहेत. त्यांत बावरी हा ब्राह्मण अस्सक आणि अळक यांच्या प्रदेशात गोदावरीकाठी राहतो. त्याचे सोळा शिष्य बुद्धांना प्रश्न विचारायला निघतात, तेव्हा वाटेतलं पहिलं नाव येतं पतिट्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढे माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसम्बी, साकेत करत ते सावत्थीला पोचतात. चूळनिद्देस शिष्यांच्या प्रश्नांवर पदापदाने टीका करतो, पण या वत्थुगाथांना स्पर्श करत नाही. म्हणून प्रश्नोत्तरं आधीची आणि प्रवासाची चौकट नंतरची असावी, असा अंदाज अभ्यासक बांधतात. टीका कशावर आहे आणि कशावर नाही, एवढ्या निरीक्षणातून ग्रंथाचं वय कसं तपासतात, ते इथे चांगलं दिसतं.

सुप्पारक, म्हणजे आजचं नालासोपारा, हेही मुळात आहे. उदानाच्या पहिल्या वग्गात बाहिय दारुचीरिय तिथूनच बुद्धांकडे धावत येतो.

संदर्भ कसा वाचायचा? एकाच सुत्ताला दोन-तीन क्रमांक का दिसतात?

"म. नि. ६१" म्हणजे मज्झिमनिकायातलं ६१वं सुत्त. दीघ आणि मज्झिमात हा क्रमांक सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे तिथे चिंता नाही. "सं. नि. ५६.११" म्हणजे ५६व्या संयुत्तातलं ११वं सुत्त, "अ. नि. ३.६५" म्हणजे तिक (तीनच्या) निपातातलं ६५वं. या दोन निकायांत गोंधळ होतो. जुने अभ्यासक पालि टेक्स्ट सोसायटीचा खंड आणि पान देतात, तेव्हा तो आकडा सुत्ताचा नसून पानाचा असतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने काढलेल्या संचाची संगणकीय प्रत वापरत असाल, तर तिच्यात निरनिराळ्या छापील आवृत्त्यांच्या पानांच्या खुणा असतात. जुना संदर्भ त्यावरून थेट सापडतो.

सुत्तनिपातात गाथांचे क्रमांक आवृत्तीनुसार पाच-सहांनी सरकतात, तेव्हा दोन-चार गाथा मागेपुढे पाहायची सवय ठेवा. सजगतेच्या साधनेवरच्या सतिपट्ठान सुत्ताचंही लक्षात असू द्या. छट्ठ संगायनाच्या आवृत्तीत मज्झिमाच्या १०व्या सुत्तालाही "महासतिपट्ठान" म्हटलंय आणि दीघाच्या २२व्या सुत्तातला चार आर्यसत्यांचा विस्तार तिथेही घेतलाय. इतर आवृत्त्यांत मज्झिमातलं सुत्त आखूड आहे.

देवनागरी प्रतीत शब्द टाकला तर काहीच सापडत नाही. काय चुकतं?

बहुधा तीन गोष्टी. पहिली, अनुनासिकं. आपण "संघ", "संखार" लिहितो, त्या प्रतीत "सङ्घ", "सङ्खार" असतं. "पंच" नव्हे, "पञ्च". दुसरी, विभक्ती. "निब्बान" हा पूर्ण शब्द म्हणून शोधलात तर "निब्बानं", "निब्बानाय", "निब्बानस्स" निसटतात, म्हणून शब्दाचा सुरुवातीचा भागच शोधा. तिसरी, नावं. कालाम लोकांना केलेला उपदेश, कालामसुत्त, त्या नावाने शोधलं तर मिळत नाही. छट्ठ संगायनात त्याचं नाव केसमुत्तिसुत्त आहे आणि क्रमांक अ. नि. ३.६६. पालि टेक्स्ट सोसायटीच्या गणनेत तेच ३.६५, आणि कालामांच्या गावाचं नावही तिथे केसपुत्त असं येतं.

आणि मजकुरात मध्येच "…पे…" दिसलं तर ती छपाईची चूक नाही. पेय्याल म्हणजे संक्षेप: आधी आलेला परिच्छेद इथे तसाच म्हणायचा. भाषांतर करताना तो आधीचा परिच्छेद शोधून वाचलाच पाहिजे, नाहीतर वाक्याचा कर्ताच हरवतो.

कालामसुत्त "कशावरही विश्वास ठेवू नका" असं सांगतं का?

तेवढंच सांगत नाही. सुत्तात दहा गोष्टी येतात: ऐकीव माहिती, परंपरा, वदंता, ग्रंथात आहे म्हणून, तर्क, अनुमान, वरवरचा विचार, आपल्या मताशी जुळतं म्हणून, सांगणारा योग्य वाटतो म्हणून, आणि हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून. यांपैकी कशाच्याही बळावर स्वीकारू नका, इथवर सगळे उद्धृत करतात. पण पुढचा भाग गाळला की सुत्ताचा कणाच मोडतो. या गोष्टी अकुशल आहेत, सदोष आहेत, सुज्ञांनी निंदलेल्या आहेत, आचरल्यावर अहित आणि दुःख देतात, हे जेव्हा तुम्ही स्वतः जाणाल तेव्हा त्या सोडा. मग बुद्ध लोभ, द्वेष आणि मोह घेऊन कालामांना एकेक प्रश्न विचारतात आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढतात. स्वतः जाणणं आणि सुज्ञांचं मत, दोन्ही निकष तिथे आहेत.

चिनी मध्यमागमातलं १६वं सूत्र याचंच समांतर आहे. त्यात ही दहा गोष्टींची यादीच नाही. तिथे बुद्ध कालामांना म्हणतात की तुम्हाला स्वतःला अजून ते शुद्ध ज्ञान नाही, आणि मग लोभ-द्वेष-मोहांपासून होणारं कर्म समजावतात. एकाच प्रसंगाचे दोन परंपरांनी जपलेले पाठ असे वेगळे होतात. ठाम विधान करण्यापूर्वी समांतर पाठ पाहावा तो यासाठी.

आगम म्हणजे काय? ते कुठे मिळतात?

पालि निकायांसारखेच, पण इतर बौद्ध पंथांच्या परंपरांनी जपलेले संग्रह म्हणजे आगम. चिनी भाषेत चार आहेत: दीर्घागमात ३० सूत्रं, मध्यमागमात २२२, संयुक्तागमात १३६२, एकोत्तरागमात ४७२. ती भाषांतरं चौथ्या शतकाची अखेर ते पाचव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात झाली. दीर्घागम धर्मगुप्तक पंथाचा मानतात, मध्यम आणि संयुक्त सर्वास्तिवाद पंथाशी जोडतात. संयुक्तागम वाचताना सावध राहा. त्याचे खंड इतिहासात मागेपुढे झाले आहेत आणि दोन जागी मूळ मजकुराऐवजी अशोकाच्या कथा येऊन बसल्या आहेत.

संदर्भासाठी तैशो आवृत्ती वापरतात. ती १९२४ ते १९३४ मध्ये तोक्योत छापली गेली, एकूण १०० खंड. दर पानावर तीन आडवे रकाने असतात. संदर्भात खंड, पान आणि रकाना येतो. वरच्या कालाम सूत्राचा संदर्भ खंड १, पान ४३८, मधला रकाना असा. ग्रंथाचा स्वतंत्र क्रमांकही असतो: कुमारजीवांनी चिनीत आणलेलं सद्धर्मपुण्डरीक २६२, वज्रच्छेदिका २३५, चिनी यात्रेकरू श्वेनत्सांग (ह्युएन त्संग) यांनी आणलेलं प्रज्ञापारमिताहृदय २५१. संगणकीय पाठ सीबेटा या तैवानच्या प्रकल्पावर मोफत आहे. पालि-चिनी समांतरं शोधायला सुत्तसेंट्रल हे संकेतस्थळ सोयीचं. लाकडी ठशांवरचा जुना संच पाहायचा असेल तर दक्षिण कोरियाच्या हेइन्सा मठात तेराव्या शतकात कोरलेले ८१,२५८ ठसे अजून जपले आहेत.

कांग्यूर आणि तेंग्यूर यांत काय फरक?

कांग्यूर म्हणजे बुद्धवचनाची तिबेटी भाषांतरं, तेंग्यूर म्हणजे भारतीय आचार्यांची शास्त्रं आणि टीका. देर्गे मठाचे ठसे प्रमाण मानतात. तिथला कांग्यूर १७३३ मध्ये पुरा झाला, तेंग्यूर १७४४ मध्ये. संदर्भासाठी जपानच्या तोहोकु विद्यापीठाच्या यादीतले क्रमांक देतात: १ ते ११०८ कांग्यूर, पुढे ४५६९पर्यंत तेंग्यूर. प्रज्ञापारमिताहृदय दोनदा येतं, २१ आणि ५३१, कारण ते प्रज्ञापारमिता विभागातही आहे आणि तंत्रातही. पानाचा संदर्भ पोथीसारखा असतो: पत्राचा आकडा आणि त्याची पुढची किंवा मागची बाजू.

संस्कृत मूळ हरवलेल्या अनेक ग्रंथांचा आधार आज फक्त तेंग्यूर आहे. ८४००० या प्रकल्पाने कांग्यूरची इंग्रजी भाषांतरं मोफत ठेवली आहेत.

महायान सूत्रं बुद्धवचन आहेत का?

थेरवाद, म्हणजे पालि त्रिपिटक मानणारी परंपरा, नाही म्हणतो, महायान हो म्हणतो, आणि दोघांकडेही निकष आहेत. दीघाच्या १६व्या सुत्तात चार महापदेस (पडताळणीचे निकष) सांगितले आहेत. कोणी "हे बुद्धवचन आहे" म्हणाला तर लगेच स्वीकारू नये, धिक्कारूही नये, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावं. दुसऱ्या बाजूला अङ्गुत्तरातच उत्तर नावाचे भिक्खू म्हणतात की जे काही सुभाषित आहे ते सगळं भगवंताचंच वचन. महायान आचार्यांनी असाच युक्तिवाद आपल्या सूत्रांसाठी केला.

काळाबद्दल पुरावा असा: अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेचं लोकक्षेमांनी केलेलं चिनी भाषांतर इसवी सन १७९चं आहे, आणि गांधारी भाषेतली, खरोष्ठी लिपीतली भूर्जपत्रावरची तिची तुकड्या-तुकड्यांची प्रत त्याआधीच्या काळात जाते. बुद्धांच्या हयातीतले हे ग्रंथ नाहीत, पण फार उशिराचेही नाहीत.

ते संस्कृतात वाचायचे असतील तर दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठाची बौद्ध संस्कृत ग्रंथमाला घ्या. ललितविस्तर, अष्टसाहस्रिका, सद्धर्मपुण्डरीक, बोधिचर्यावतार, सगळं त्यात आहे, आणि या मालेतल्या बहुतेक खंडांचं संपादन पुण्याच्या प. ल. वैद्यांनी केलं.

महायान परंपरेत टीका कशा लिहिल्या जात?

वसुबंधूंनी व्याख्यायुक्तीत सूत्रावर टीका करण्याची पाच अंगं सांगितली: प्रयोजन, पिंडार्थ, पदार्थ, अनुसंधी, आणि चोद्य-परिहार, म्हणजे शंका आणि तिचं समाधान. तेंग्यूरमधली कुठलीही टीका या पाचांवर ताडून पाहा, ती कुठे काय करते ते उलगडतं.

शास्त्रग्रंथांत कारिका (श्लोकातलं थोडक्यात विधान) आणि भाष्य (त्याचं स्पष्टीकरण) अशी जोडी असते. नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेची २७ प्रकरणं टीकेशिवाय वाचू नयेत. पूर्वपक्षाची, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं मांडणारी, कारिका नागार्जुनाचंच मत समजून उचलली जाण्याचा धोका मोठा आहे. चंद्रकीर्तीची प्रसन्नपदा संस्कृतात उपलब्ध आहे, ती प्रत्येक कारिका कोण बोलतंय ते सांगते. अभिधर्मकोशात तर कारिका आणि भाष्य दोन्ही वसुबंधूंची, पण कारिकेत वैभाषिक पंथाचं मत आणि भाष्यात त्यावर सौत्रांतिक या दुसऱ्या बौद्ध पंथाची टीका, असा खेळ चालतो. त्या कारिकांचा संस्कृत पाठ वा. वि. गोखले यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला.

अजिंठ्याशीही या परंपरेचं नातं आहे. दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या जातकमालेतले श्लोक चित्रांसोबत लिहिलेले सापडले. श्वेनत्सांगांनी महाराष्ट्रातल्या ज्या डोंगरातल्या संघारामाचं वर्णन केलंय आणि जे अजिंठ्याचं मानतात, तिथे तर्कशास्त्री दिङ्नाग अनेकदा राहत असत असं ते नमूद करतात.

तंत्रग्रंथांबद्दल एवढंच सांगतो: त्यांची भाषा मुद्दाम झाकलेली असते. टीका आणि परंपरा नसताना शब्दशः अर्थ लावू नका.

विसुद्धिमग्ग कधी हातात घ्यावा?

निदान मज्झिमनिकाय एकदा वाचून झाल्यावर. त्याचे २३ परिच्छेद आहेत: पहिले दोन शीलावर, ३ ते १३ समाधीवर, १४ ते २३ प्रज्ञेवर. समाधीच्या भागात ४० कम्मट्ठानं येतात. सुरुवातीला १, ३ आणि ९ वाचा. नवव्यात मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा आहेत आणि मेत्ता कोणापासून सुरू करायची, कोणाबद्दल आधी करायची नाही, याचा क्रम फार बारकाईने दिलाय. चौदाव्यापासून पुढचे चार परिच्छेद अभिधम्माची ओळख नसेल तर जड जातात.

गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये काढली. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्तीही त्यांच्या हातून पुरी झाली, ती छापली गेली १९५० मध्ये. उपतिस्सांचा विमुत्तिमग्ग हा त्याच विषयावरचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात चिनी भाषांतरातून पोचला. या दोहोंची सविस्तर तुलना पुण्याच्या पु. वि. बापटांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. आजही या विषयाला हात घालणारा तिच्यापासून सुरुवात करतो.

बाबासाहेबांचा "बुद्ध आणि त्यांचा धम्म" कुठल्या थरात येतो?

हा १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला स्वतंत्र ग्रंथ आहे. त्रिपिटकाचा भाग नाही, आणि अट्ठकथेच्या चौकटीतली टीकाही नाही. बाबासाहेबांनी सुत्तं, विनय आणि अट्ठकथा या सगळ्यांतून सामग्री घेतली, विवेकाला आणि मानवी हिताला न पटणारं बाजूला ठेवलं, आणि खंड, भाग, परिच्छेद अशी क्रमवार रचना केली. चार दृश्यांची कथा ते नाकारतात आणि गृहत्यागाचं कारण म्हणून शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्यावरचा तंटा पुढे आणतात. तो तंटा अट्ठकथांत, धम्मपदाच्या १९७ ते १९९ या गाथांच्या निमित्ताने आणि कुणालजातकात आहे, पण गृहत्यागाशी त्याची जोडणी बाबासाहेबांची आहे.

पहिल्या आवृत्तीत संदर्भ दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी भाषांतर करताना पालि संदर्भ शोधून जोडले. अभ्यास करायचा तर ती आवृत्ती शेजारी ठेवा, एकेक परिच्छेद घ्या आणि त्याचं मूळ सुत्त उघडा. बाबासाहेबांनी काय घेतलं, काय सोडलं आणि कुठे काय जोडलं, हे दिसायला लागतं. या ग्रंथाचा मान राखायचा याहून चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही.

सुरुवात कुठून करू?

धम्मपदापासून करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका, कारण त्यात प्रसंग नाहीत. पुढे हा क्रम घ्या: सिगालसुत्त (दी. नि. ३१), गृहस्थांसाठी. मग राहुलाला खोटं न बोलण्याबद्दल केलेला उपदेश (म. नि. ६१). अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे सात धम्मग्रंथ ऐकण्याची शिफारस केली, त्यांत हा राहुलोवाद नावानिशी आहे. मग केसमुत्तिसुत्त, धम्मचक्कप्पवत्तन (सं. नि. ५६.११), अरियपरियेसना (म. नि. २६) आणि महापरिनिब्बान (दी. नि. १६). थेरीगाथा मध्येमध्ये वाचा. ७३ थेरींच्या गाथा आहेत, आणि सुत्तनिपाताप्रमाणेच त्याही मोठ्याने वाचायच्या.

दर सुत्त दोनदा वाचा. पहिल्यांदा अट्ठकथा न उघडता. दुसऱ्यांदा अडलेल्या पदांची यादी घेऊन. उलट केलंत तर टीकाकाराचा अर्थ आधीच डोक्यात बसतो आणि मूळ वाक्य दिसेनासं होतं.

एखादं वाक्य बुद्धांचंच आहे का, हे कसं तपासू?

आधी संदर्भ मागा. निकाय आणि क्रमांक नसेल तर ते वाक्य भिंतीवर लिहू नका. संदर्भ मिळाला तर सुत्त उघडून त्या वाक्याच्या मागचे आणि पुढचे काही परिच्छेद वाचा. बोलणारं कोण ते पाहा: बुद्ध, सारिपुत्त, की मार? मज्झिमाच्या ४४व्या सुत्तात उत्तरं धम्मदिन्ना भिक्खुणी देते, बुद्ध नंतर तिला दुजोरा देतात. मग तो मूळ पाठ आहे की अट्ठकथा, ते बघा.

"अत्त दीप भव" घ्या. या रूपात ते त्रिपिटकात नाही. दीघाच्या १६व्या सुत्तात, वेळुवगामकात आजारातून उठल्यावर बुद्ध आनंदांशी बोलताना म्हणतात: "अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा." स्वतःबरोबर धम्मही तिथे आहे, आणि वाक्य एकट्याला उद्देशून नसून अनेकांना आहे. लगेच पुढे ते विचारतात की भिक्खू असा कसा राहतो, आणि उत्तर देतात: काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचं सजग, उद्योगी राहून निरीक्षण करत. फलकावर लिहायचं असेल तर हे पूर्ण वाक्य लिहा, खाली "दी. नि. १६" घाला, आणि जागा उरली तर सतिपट्ठानाचा संदर्भ, दी. नि. २२, तोही द्या.